मुक्तमधून बी.ए. करायचंय, फी परत मिळते का? (तासगाव/सांगली)

शेडवरची

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी तासगाव तालुक्यातली. बारावी २०१४ ला झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात लग्न. हंगामात बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते, बाकीचे महिने घरी मशीनवर ब्लाउज, फॉल-पिको. मिस्टर टेम्पोवर ड्रायव्हर, टेम्पो दुसऱ्याचा. धाकटी यंदा पहिलीत गेली, म्हटलं आता आपला नंबर. मुक्त विद्यापीठात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घालायचंय. 'लाडकी बहीण'चे पैसे हात न लावता ठेवले, त्यात फी भागते. पण पुढं पुस्तकं, गाडीभाडं, परत दुसऱ्या वर्षाची फी, हे कशातून करायचं?

अभ्यासकेंद्रात गेले होते. खिडकीतल्या सरांनी मान वर न करताच सांगितलं, "स्कॉलरशिप रेग्युलरला असते. घरी बसून शिकणाऱ्यांना कसली?" शेडवर माझ्या शेजारी बसते ती म्हणते तिच्या नणंदेला मिळाली. माझं माहेरच्या नावाचं अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र आहे. उत्पन्नाचा दाखला काढायला गेले तर सासऱ्यांच्या उसाची बिलं मागितली. सासरे आमच्यापासून वेगळे राहतात. आता कोणाचं खरं धरायचं?

जुना समंत्रक

ताई, तुमच्या शेजारणीचं खरं.

मी बरीच वर्षं रविवारच्या संपर्क सत्रांना शिकवायला जायचो. त्या खिडकीतलं वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. त्यात निम्मं अज्ञान असतं आणि निम्मा कामाचा कंटाळा, कारण तुम्ही अर्ज केला की तो त्यांच्याच लॉगिनवर येऊन पडतो.

आता नियम. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी दहावीनंतरची जी भारत सरकार शिष्यवृत्ती आहे (राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर भरतात ती), तिच्या केंद्राच्या नियमावलीत पत्राद्वारे शिकणारे विद्यार्थीही पात्र आहेत, आणि 'पत्राद्वारे' या शब्दात दूरशिक्षण व निरंतर शिक्षण येतं असंही तिथंच लिहिलेलं आहे. २०१० च्या नियमांत अशा विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाची फी परत आणि वर पुस्तकांसाठी वर्षाला १२०० रुपये अशी तरतूद होती. २०२१ मध्ये नियम नव्याने आले, भत्त्याचे गट बदलले. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पैशांत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यामुळे एकाच वर्षाची रक्कम दोन वेळा, वेगवेगळ्या महिन्यांत जमा झाली तर घाबरू नका.

पण एक ध्यानात ठेवा. पैसे नंतर येतात, फी आधी तुम्हालाच भरावी लागते. 'मिळणार आहे' म्हणून कुणाकडून व्याजानं पैसे उचलू नका. माझ्या वर्गात एका बाईंनी उचलले होते. शिष्यवृत्ती आली तोवर व्याजच तिच्याहून मोठं झालं होतं.

सेतूतला पोरगा

समंत्रक सरांनी नियम सांगितला, मी कागदाचं सांगतो. आपलं रोजचंच काम हाय.

१. सासऱ्यांची बिलं मागितली ते चुकीचं. लग्न झालेल्या आणि नोकरी नसलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत नवऱ्याचं उत्पन्न बघायचं. घरात बाकी कोण कमवत असलं तरी ते यात धरायचं नसतं. सासरे, दीर, जाऊ, कोणच न्हाई. मात्र ताई, तुमची शेडची मजुरी आणि शिलाई लपवू नका. नवऱ्याचं आणि तुमचं मिळून अडीच लाखाच्या आत बसतंय ना, मग भ्यायचं काय कारण?

तलाठ्याकडं जाताना रेशनकार्ड वेगळं असलं तर ते न्या. एकत्र असलं तर आधी विभक्त करून घ्या. इथंच निम्म्या बायका अडकतात. कार्डावर सासऱ्यांचं नाव पहिलं, सातबारा सासऱ्यांचा, आणि दाखला मागते सून. समोरचा माणूस कार्ड बघूनच आकडा टाकतो.

२. जातीचा दाखला माहेरच्या नावाचाच चालतो, जात वडिलांकडून धरतात. भानगड नावाची होते. बारावीचं मार्कलिस्ट माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या. ह्या दोन नावांची बाई एकच, हे दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं, नायतर राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागतं. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद केली नसंल तर आधी ती करा.

३. बारावीनंतर एवढ्या वर्षांचा खंड, म्हणजे गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतील. त्यासाठी कोण पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावत असंल तर घेऊ नका. शासकीय कार्यालयात दाखल्यांसाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ हाय, साध्या कागदावर चालतं. हे मी लिहिलेलं आमच्या शेजारच्या टेबलावाल्याला कळलं तर माझं काय खरं न्हाई.

शेडवरची

@सेतूतला पोरगा, दादा, रेशनकार्ड एकत्रच आहे हो! आठ वर्षं वेगळी चूल आहे, पण कार्ड तेच. सासूबाईंना विभक्त करूया म्हटलं तर त्यांना वाटायचं घर फोडायला निघाली.

माणदेशी

सासूबाईंना सांगा, कार्ड फुटलं तरी सून त्यांचीच राहती. आमच्या आईनं दहिवडीला हेच ऐकलं होतं आजीकडून. शेवटी आजीच तहसीलला आली सही करायला, वर म्हणाली, "कागदच फाडायचाय व्हय, मला वाटलं भिंत घालताय."

कुपवाडकर

माझा अनुभव. एमआयडीसीत कामाला असताना इग्नूतून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) बी.कॉम. केलं. इग्नूमध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ठरावीक अभ्यासक्रमांत फी माफी असते, म्हणजे आधी भरा नंतर परत घ्या हा प्रकारच नाही. नोंदणीचे किरकोळ पैसे तेवढे भरावे लागतात. मात्र माफी घेऊन एका वेळी एकच अभ्यासक्रम करता येतो. हाव करून दोन अभ्यासक्रमांना फॉर्म टाकू नका, दोन्ही जातात. ताईंना मराठीतून शिकायचं असेल तर मुक्त बरं. इग्नूची पुस्तकं प्रामुख्याने इंग्रजी-हिंदीत. मी रात्रपाळीला मशीनचा आवाज ऐकत हिंदीतून 'लेखांकन' वाचलंय, 'रोकड बही' म्हणजे कॅशबुक हे कळायला मला आठवडा लागला.

पुढे एम.कॉम.ला दुसऱ्या विद्यापीठात दूरशिक्षणाला गेलो तेव्हा महाडीबीटीवर अर्ज केला. मंजूर झाला, मेसेज आला, पैसे आले नाहीत. बँकेत गेलो, "आधार लिंक आहे की." दुसऱ्यांदा गेलो, तेच. पाच महिने गेले. मग एका पोरानं मोबाईलवर तपासून दाखवलं की माझं आधार डीबीटीसाठी जोडलेलं होतं ते भलत्याच बँकेला! दहावीत असताना वडिलांनी मिरजेत शून्य शिलकीचं एक खातं काढलेलं, मी साफ विसरलेलो. मधे त्या बँकेनं केवायसी घेताना आधार पुन्हा जोडून घेतलं आणि सरकारचा पैसा तिकडे वळला. आधार 'लिंक' असणं वेगळं आणि डीबीटीसाठी 'सीड' असणं, म्हणजे सरकारी पैसा कुठल्या बँकेत जायचा त्याची नोंद असणं, वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच बँकेला असतं, जी शेवटची जोडली तिला. ते जुनं पासबुक आईच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली सापडलं. भरून आणलं तर माझी पूर्ण फी तिथे पडून.

म्हणून ताई, अर्ज करायच्या आधी मोबाईलवर सीडिंग तपासा. 'लाडकी बहीण'चे पैसे ज्या खात्यात येतात तेच तुमचं सीड असलेलं खातं, एवढं सोपं उत्तर तुमच्याकडे आयतं आहे.

वाईचा वाटसरू

कडू वाटेल, पण विचारतो. बी.ए., तेही मुक्तमधून, करून नक्की काय मिळणार? एवढी धावपळ करून फी परत मिळवायची, त्यापेक्षा शिवणकामाचा पुढचा कोर्स केला तर महिन्याला चार पैसे जास्त नाही का? रेग्युलरवाल्या पोरांना नोकऱ्या नाहीत.

शेडवरची

@वाईचा वाटसरू, तुम्ही म्हणता ते घरातही रोज ऐकते, त्यामुळे कडू लागलं नाही. शिवणकाम येतं मला, पुढचाही येतो. पण गावात ब्लाउजचे पैसे बायका दिवाळीला देतात.

अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेच्या जागेला पदवी लागते. आमच्या बीटला आल्या होत्या त्या बाई माझ्याच वयाच्या. अंगणवाडीत माझ्या पोरीचं वजन करताना ताईंनी वजनकाटा उलटा वाचला, ती चूक त्या पर्यवेक्षिकेनं मान तिरकी करून लांबूनच ओळखली. मला तेवढ्यावरून वाटलं की हे काम मला येईल. बाकी काही नाही.

जुना समंत्रक

@वाईचा वाटसरू, एक दुरुस्ती. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरायची. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणाऱ्यांत मुक्तवाले ढिगानं असतात. 'तेही मुक्तमधून' हे शब्द आता काढून टाका.

कोरडवाहू

इथे कुणी खुल्या प्रवर्गाचं बोलेल का? जत तालुक्यात चार एकर, पाऊस पडला तर बाजरी. वडिलांचं उत्पन्न लाखाच्या आत. मी शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून एम.ए. करतोय. शाहू महाराज शुल्क योजना बघितली, आठ लाखांपर्यंत उत्पन्न चालतं म्हणून उड्या मारल्या, पण तिचा सगळा रोख रोज कॉलेजला जाणाऱ्यांवर. केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती बघितली (पदवीला वर्षाला १२,०००, पदव्युत्तरला २०,०००), तिच्यात तर स्वच्छ लिहिलंय की दूरशिक्षणवाल्यांनी येऊच नये. जुलै २०२४ ला मुलींच्या फीची मोठी घोषणा झाली, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

कुणाला मिळतंय याबद्दल पोटदुखी नाही. ताईंना मिळालंच पाहिजे. फक्त विचारतोय.

सुमीची आई

पोटदुखी नाही म्हणालास ते बरं झालं, नाहीतर धागा भलतीकडे गेला असता :)

कुपवाडकर

@कोरडवाहू, तुझं बरोबर आहे. सरकारच्या बहुतेक योजना 'विद्यार्थी' म्हणजे सकाळी दप्तर घेऊन कॉलेजला जाणारा, असंच धरून चालतात. जो आधी पोट भरतो आणि मग शिकतो तो त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नाही.

एक विचारतो. कुठे कारखान्यात, दुकानात, गोडाऊनला पगारी काम करतोस का? करत असशील तर जून आणि डिसेंबरची पगारपावती काढून बघ. कामगार कल्याण निधीचे २५ रुपये कापलेले दिसतील, मालक त्यात ७५ घालतो. ते कापले जात असतील तर कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्ती आणि पाठ्यपुस्तक मदतीसाठी विचारायचा तुझा हक्क आहे. आमच्या शॉपमधल्या चाळीस जणांपैकी कुणाला हे ठाऊक नव्हतं. सगळे म्हणायचे, पंचवीस रुपये कसले कापतात देव जाणे.

आणि वडील किंवा तू बांधकामावर जात असाल, वर्षात ९० दिवस भरत असतील, तर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी कर. त्यात पदवीच्या शिक्षणाला वर्षाला २० हजारांची मदत आहे, कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना, आणि बायकोलासुद्धा. दूरशिक्षणाचा बोनाफाईड घेऊन जा आणि अर्ज करण्याआधी तिथल्या माणसाला दाखव.

कोरडवाहू

बांधकामावर जातो ना. उन्हाळ्यात पंढरपूर रोडला स्लॅबची कामं असतात. पण ९० दिवसांचा दाखला देणार कोण? ठेकेदार तर नाव विचारलं तरी पळतो.

सेतूतला पोरगा

ठेकेदार पळाला तर ग्रामसेवक. त्यालाबी दाखला देता येतो.

देवराष्ट्रेकर

थोडं अवांतर. ज्यांच्या नावाचं हे मुक्त विद्यापीठ, ते यशवंतराव आमच्या देवराष्ट्र्यातले, १२ मार्च १९१३ चा जन्म. तेव्हा गाव सातारा जिल्ह्यात होतं, १९४९ ला जिल्हा फुटला आणि आम्ही सांगलीकर झालो. विद्यापीठ १९८९ चं, नाशिकला. आणि सातारा म्हटलं की कर्मवीर अण्णांची 'कमवा व शिका' आलीच. पोरगं सकाळी शेतात काम करायचं आणि दुपारी वर्गात बसायचं. मला नेहमी वाटतं, शेडवर बेदाणा निवडून रात्री पुस्तक उघडणारी बाई तीच योजना स्वतःच्या खर्चानं चालवतेय. निदान तिला 'घरी बसून शिकणारी' तरी म्हणू नका.

अवांतर संपलं.

सुमीची आई

देवराष्ट्रेकरांच्या अवांतराला +१.

मी एक धोक्याची सूचना देते, कारण माझे पैसे गेलेत. पाच वर्षांपूर्वी एका गल्लीतल्या 'प्रवेश मार्गदर्शन' दुकानात पैसे भरले. त्यांनी पावती दिली ती दुकानाची, विद्यापीठाची नव्हे. विद्यापीठाला त्यांनी नेमके किती भरले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाला फीची पावती लागते, तिथं मी ते गुलाबी चिटोरं जोडलं आणि अर्ज परत आला. फी विद्यापीठाच्या पोर्टलवरून स्वतः भरा, पावतीची पीडीएफ दोन जागी ठेवा.

दुसरं, २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डेब आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण ब्यूरोचा नोंदणी क्रमांक) लागतो. आधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक) आणि मग यूजीसीच्या डेबच्या संकेतस्थळावर तो आयडी. दोन्ही फुकट. आमच्या इथं याचे तीनशे रुपये घेतात. त्या पानावर तुमच्या विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव सापडलं नाही तर तिथं प्रवेश घेऊच नका. मान्यताच नाही तर कुठली शिष्यवृत्ती?

माणदेशी

आणि एसटी विसरू नका. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. रविवारी संपर्क सत्राला वर्षभर जायचं म्हटलं तर ते पुस्तकांच्या पैशाएवढं वाचतं. आमच्या घरच्या ताई मात्र सुट्टे पैसे द्यावे लागतात म्हणून वडापनं (शेअर जीपनं) जातात आणि पूर्ण भाडं देतात. त्यांना कोण सांगणार.

जुना समंत्रक

आणखी दोन गोष्टी राहिल्या.

ज्यांची आधी एक पदवी झालेली आहे आणि हौसेनं त्याच पातळीची दुसरी करताहेत (बी.ए. नंतर बी.कॉम. वगैरे), त्यांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही. आणि ही घेत असताना दुसरी कुठली शिष्यवृत्ती घेता येत नाही. @कुपवाडकर यांनी सांगितलेल्या मंडळांच्या मदतीचा विचार करताना ताईंनी हे डोक्यात ठेवावं, जे जास्त असेल ते एक निवडावं.

अर्ज दर वर्षी नव्यानं भरावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही. आणि भरल्यावर आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघत जा. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर वर्ष गेलं. अर्ज केंद्राच्याच लॉगिनवर अडकून पडला तर सांगलीच्या सामाजिक न्याय भवनात जाऊन लेखी द्या, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं तिथल्या पंख्याखाली उडून जातं.

शेडवरची

सगळ्यांचे आभार. लगेच उत्तर दिलं नाही कारण खरंच धावपळीत होते. आता तीन महिन्यांनी काय झालं ते सांगते.

रेशनकार्ड वेगळं झालं. सासूबाईंना माणदेशींचा किस्सा वाचून दाखवला. हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच तयार होऊन बसल्या. तहसीलला गर्दीत त्यांनीच नंबर धरला. उत्पन्नाचा दाखला मिस्टरांच्या नावानं निघाला, माझी मजुरी मिळवूनही दीड लाखाच्या आत. विवाह नोंदणी दहा वर्षांनी केली, साक्षीदार म्हणून लग्नातले भटजी सापडेनात, तर फोटोग्राफर आला. त्याच्याकडे अजून अल्बम होता.

खिडकीतल्या सरांना नियमाचं सांगितलं. म्हणाले, कुठं लिहिलंय दाखवा. मी प्रिंट नेली होती. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, आणि मग मला म्हणाले, "ही कॉपी इथं राहू दे." त्यानंतर त्यांनी आणखी दोघींना फॉर्म भरायला बोलावलं असं कळलं. अर्ज केंद्रातून पुढं गेलाय, सांगलीत अजून तपासणीत आहे. पैसे आलेले नाहीत. आले की लिहीन, नाही आले तरी लिहीन.

पुस्तकं आली. गृहपाठ एक लिहून झाला, दुसऱ्याला बसलेय. हंगामाच्या आत दोन्ही पुरे करायचेत, कारण शेड चालू झाली की बोटं चिकट होतात, कितीही धुतली तरी पानं एकमेकांना चिकटतात. समाजशास्त्राचं पुस्तक मात्र हंगाम लागायच्या आधीच चुलीजवळ ठेवलं होतं, त्याची मागची चार पानं पिवळी पडली.

सुमीची आई

समाजशास्त्राचं माझ्याकडे आहे, अभ्यासक्रम तोच असला तर घेऊन जा. मराठीचं पण आहे, पेन्सिलीच्या खुणा आहेत तेवढ्या खोडा. बुधवारी तासगाव स्टँडला येते, सांगलीच्या फलाटाजवळ. निळी पिशवी असेल.

शेडवरची

येते. अकराच्या गाडीनं. निम्म्या तिकिटात :)